रात्रीची वीज, दिवसाचा दर आणि गृहिणीचे गणित

एकाच घरात, एकाच तारेतून येणारी, एकाच दिव्यात जळणारी वीज दोन वेगवेगळ्या किमतींना विकली जावी, ही गोष्ट सामान्य माणसाला प्रथमदर्शनी विचित्र वाटते. दूध सकाळी एका भावाने आणि संध्याकाळी दुसऱ्या भावाने विकणारा गवळी चार दिवसांत गिऱ्हाईक गमावून बसेल. परंतु ब्रिटनमधील लक्षावधी कुटुंबे १९७८ पासून अशाच दुहेरी दराने वीज घेत आली आहेत, आणि महाराष्ट्रातील घरगुती ग्राहकालाही २०२५ पासून वीजबिलात घड्याळाचा काटा दिसू लागला आहे. अशा वेळी दिवस आणि रात्र यांच्या दरांची तुलना नेमकी कशी करावयाची, आणि पुरवठादाराने दर बदलले की त्या तुलनेचे काय होते, हा प्रश्न केवळ हिशेबनिसांचा राहत नाही. तो ज्याच्या घरात महिनाअखेरीस शंभर रुपयांचाही विचार करावा लागतो, त्याचा प्रश्न बनतो.

दुहेरी दराचे मूळ विजेच्या स्वभावातच आहे. धान्य कोठारात भरून ठेवता येते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे आजही खर्चाचे आहे आणि परवापरवापर्यंत जवळजवळ अशक्य होते. मागणी ज्या क्षणी येते त्याच क्षणी ती पुरवावी लागते. त्यामुळे वर्षातील ज्या काही मोजक्या तासांत सर्वांचे दिवे, चुली आणि यंत्रे एकदम चालू असतात, त्या तासांसाठी म्हणून वीजकेंद्रे उभारून ठेवावी लागतात. उरलेला काळ त्यांतील कित्येक यंत्रे स्वस्थ बसून असतात. वीज तयार करण्याचा खर्च किती युनिटे वापरली यावर जितका अवलंबून असतो, तितकाच ती केव्हा वापरली यावरही असतो, हे जॉन हॉपकिन्सन या अभियंत्याने १८९२ मध्येच मांडले होते. ब्रायटन येथे आर्थर राइट याने ग्राहकाची कमाल मागणी टिपणारे मीटर बसवून हा विचार व्यवहारात आणला. पुढे फ्रान्समध्ये मार्सेल बॉइतो या अर्थशास्त्रज्ञाने सीमांत खर्चाच्या सिद्धांतावर या विचाराची पक्की इमारत उभी केली. विशेष म्हणजे हाच बॉइतो पुढे फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीचा अध्यक्ष झाला. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना आपले सिद्धांत दरपत्रकात छापलेले पाहण्याचे भाग्य क्वचितच लाभते. बॉइतोला ते लाभले.

ब्रिटनमध्ये १९७८ च्या ऑक्टोबरात ‘इकॉनॉमी सेव्हन’ या नावाची योजना सुरू झाली. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, उरलेले सतरा तास महाग. त्या वेळी वीज व्यवसाय सरकारी मालकीचा होता आणि वीजकेंद्रे प्रामुख्याने कोळशाची व काही अणुशक्तीची होती. ही केंद्रे रात्री मागणी उतरली म्हणून सहजासहजी विझवता येत नाहीत. बॉयलर थंड करून पहाटे पुन्हा तापवणे खर्चाचे, आणि अणुभट्टीचे तर त्याहून कठीण. म्हणून रात्रीची ती वीज कोणीतरी वापरावी, यासाठी दर उतरवला गेला. वापरणारे साधनही हाताशी होते: आत जड विटा असलेले हीटर. रात्री विटा तापवून ठेवावयाच्या, दिवसा त्यांची ऊब घ्यावयाची. ज्या इमारतींत गॅसची नळी पोहोचलेली नव्हती, तेथील भाडेकरूंना हा मोठा आधार वाटला. पाणी तापवण्याची टाकीही रात्रीच तापू लागली. समाजाची बचत आणि कुटुंबाची बचत या दोन गोष्टी एका दिशेने जाण्याचा हा एक दुर्मीळ प्रसंग होता.

आता तुलनेकडे वळू. ब्रिटिश कुटुंबापुढे दोन दरपत्रके असतात. एकात चोवीस तास एकच दर. दुसऱ्यात दिवसाचा दर त्या एकेरी दराहून जास्त आणि रात्रीचा कमी. दुसरे दरपत्रक स्वस्त पडते की महाग, हे एकाच गोष्टीवर ठरते: एकूण वापरापैकी किती वाटा रात्रीच्या तासांत पडतो. समजा, एकेरी दर युनिटला २५ पेन्स, दिवसाचा ३० आणि रात्रीचा १५ आहे. दिवसाच्या प्रत्येक युनिटमागे कुटुंब ५ पेन्स जास्त देते, रात्रीच्या प्रत्येक युनिटमागे १० पेन्स वाचवते. म्हणजे रात्रीचे एक युनिट दिवसाच्या दोन युनिटांचे नुकसान भरून काढते. तीनांतील एक युनिट रात्री वापरले तर हिशेब बरोबरीत सुटतो. सूत्रच हवे असेल तर दिवसाच्या दरातून एकेरी दर वजा करावा, आणि त्या आकड्याला दिवस व रात्र यांच्या दरांतील फरकाने भागावे. पाच भागिले पंधरा, म्हणजे एक-तृतीयांश. रात्रीचा वाटा याहून जास्त असेल तर दुहेरी दर फायद्याचा, कमी असेल तर तोट्याचा. या वाट्याला येथे ‘बरोबरीचा वाटा’ म्हणू.

हा हिशेब एकदा मांडला की पुढची गोष्ट ध्यानात येते, आणि तीच बहुतेक ग्राहकांच्या नजरेतून सुटते. पुरवठादाराने तिन्ही दर सारख्याच टक्क्यांनी वाढवले तर बरोबरीचा वाटा तसूभरही हलत नाही. तिन्ही दर सारख्याच पेन्सांनी वाढवले तरीही तो हलत नाही, कारण सूत्रात फक्त दरांमधील फरक येतात आणि ते तसेच राहतात. बिल वाढते, पण निवड बदलण्याचे कारण उद्भवत नाही. निवड बदलावी लागते ती दर वेगवेगळ्या मापाने वाढतात तेव्हा. वरच्याच उदाहरणात नवे दर असे धरा: एकेरी २७, दिवसाचा ३३, रात्रीचा १९. दिवसाचा दर दहा टक्क्यांनी वाढला, एकेरी आठ टक्क्यांनी. आणि रात्रीचा, जो आकड्याने लहान दिसतो म्हणून कोणी लक्ष देत नाही, तो सव्वीस टक्क्यांहून अधिक. बरोबरीचा वाटा आता सहा भागिले चौदा, म्हणजे जवळजवळ ४३ टक्के झाला. ज्या कुटुंबाचा ३८ टक्के वापर रात्रीचा आहे, त्याला पूर्वी सरासरी युनिट २४.३ पेन्सांना पडत होते, एकेरी दराहून स्वस्त. आता ते २७.६८ पेन्सांना पडते, एकेरी दराहून महाग. कुटुंबाने एकही सवय बदललेली नाही. रात्रीची टाकी रात्रीच तापते आहे. तरी त्याची कालची शहाणी निवड आज चुकीची ठरली. दरवाढीच्या पत्रात मात्र ‘सरासरी वाढ इतकी’ असा एकच आकडा ठळक छापलेला असतो.

यात स्थिर आकाराची भर पडते. वीज वापरा वा न वापरा, जोडणीसाठी दररोज काही रक्कम द्यावी लागते, आणि ती दोन्ही दरपत्रकांत सारखी असेलच असे नाही. समजा, दुहेरी दराचा स्थिर आकार वर्षाला १० पौंडांनी जास्त आहे आणि कुटुंब वर्षाला २००० युनिटे वापरते. म्हणजे प्रत्येक युनिटवर अर्धा पेनी बोजा वाढला. पहिल्या उदाहरणातील एक-तृतीयांशाचा उंबरठा यामुळे ३६ टक्क्यांच्या पुढे सरकतो. वापर १००० युनिटांचा असेल तर तो ४० टक्क्यांवर जातो. जो कमी वीज वापरतो त्यालाच उंबरठा अधिक उंच, असा हा प्रकार आहे. एका खोलीत राहणारी वृद्ध विधवा आणि चार खोल्यांचे भरलेले घर यांना एकच सल्ला लागू पडत नाही, तो या कारणाने.

सर्वांत मोठे नुकसान मात्र ज्यांनी हिशेब मांडलाच नाही त्यांचे होते, असे म्हणावे लागेल. पूर्वीच्या मालकाने विटांचे हीटर काढून गॅसचा बॉयलर बसवला. मीटर तसेच राहिले. नवा भाडेकरू आला. त्याच्या घरात रात्री चालण्यासारखे फ्रिजशिवाय काही नाही, परंतु दिवसाच्या प्रत्येक युनिटला तो चढा दर मोजतो आहे. स्वस्त रात्रीसाठी दिलेली ही एक प्रकारची खंडणीच. फरक इतकाच, की ती स्वस्त रात्र त्याच्या वाट्याला कधी येत नाही. शिवाय रात्रीचे सात तास म्हणजे कोणते, हेही सर्वत्र एक नाही. विभागाविभागांत ते वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात, पण पुष्कळशा मीटरांची घड्याळे ग्रिनिचच्या वेळेवरच राहतात. मध्यरात्र झाली म्हणून गृहिणीने कपडे धुण्याचे यंत्र सुरू करावे, आणि मीटरच्या मते अजून अकराच वाजलेले असावेत, असे घडते. मीटरवर दोन आकडे असतात. त्यांपैकी दिवसाचा कोणता आणि रात्रीचा कोणता, यात उलटापालट होऊन बिल आल्याच्या तक्रारीही तेथे जुन्या आहेत. काही घरांतील मीटरांना दिवस-रात्र बदलण्याची आज्ञा बीबीसीच्या लांब लहरींवरील प्रक्षेपणातून मिळत असे. जुने प्रक्षेपण साहित्य थकले, सुटे भाग मिळेनात, आणि ३० जून २०२५ पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात झाली. ज्या घरातील मीटर त्याआधी बदलले गेले नाही, त्याचा हीटर भलत्याच वेळी तापण्याचा किंवा मुळीच न तापण्याचा धोका उभा राहिला.

सरकारी मालकीच्या काळात निदान दर ठरवणारा एकच होता. १९९० मध्ये वीज व्यवसायाचे खाजगीकरण झाले, आणि १९९८-९९ च्या सुमारास घरगुती ग्राहकालाही पुरवठादार निवडण्याची मोकळीक मिळाली. स्पर्धेने दर उतरतील, हा त्यामागील युक्तिवाद. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ग्राहक सर्व किमती जाणतो आणि क्षणात तुलना करतो. प्रत्यक्षात त्याला आपल्या वापराचा रात्रीचा वाटा किती, हेच ठाऊक नसते, आणि तो न कळता केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. २०२१ च्या उत्तरार्धात गॅसच्या घाऊक किमती भडकल्या आणि दोन डझनांहून अधिक पुरवठादार बुडाले. त्यांचे ग्राहक दुसऱ्यांकडे वर्ग झाले. त्यांच्यापुढे नवे दर आले, आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडणे भाग पडले.

ऑफजेम या नियामक संस्थेने १ जानेवारी २०१९ पासून दरांना कमाल मर्यादा घातली, ही गोष्ट स्वागतार्हच. तथापि दुहेरी दराच्या बाबतीत ही मर्यादा एका ठरावीक दिवस-रात्र वाटणीवर आधारलेल्या सरासरीला आहे. त्या सरासरीच्या आत राहून दिवसाचा दर किती चढवावा आणि रात्रीचा किती उतरवावा, हे पुरवठादार ठरवू शकतो. परिणामी दोन कंपन्यांचे दर मर्यादेच्या आत असूनही एकीकडे रात्र स्वस्त आणि दिवस फार महाग, तर दुसरीकडे दोघांत फरक बेताचा, अशी स्थिती असू शकते. नियामकाच्या सरासरीशी ज्याची दिनचर्या जुळते त्याला संरक्षण पूर्ण. ज्याची जुळत नाही त्याला अपुरे. नियामकाने सरासरी माणसाचे रक्षण करावयाचे ठरवले की खऱ्या माणसाने आपले रक्षण स्वतः करावे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. दर बदलाच्या प्रत्येक पत्रात ग्राहकाचा गेल्या वर्षाचा दिवसाचा वापर, रात्रीचा वापर आणि नव्या दरांनुसार बरोबरीचा वाटा हे तीन आकडे शेजारी शेजारी छापण्याची सक्ती केली, तर यातील निम्मा अंधार दूर होईल. ही माहिती कंपनीच्या दप्तरात असतेच. ती ग्राहकाच्या स्वयंपाकघरातील टेबलावर यावी, एवढीच गोष्ट आहे.

दरम्यान खुद्द रात्रीच्या स्वस्ताईचा पायाच हलला आहे. ब्रिटनमधील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र, रॅटक्लिफ ऑन सोर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. वारा रात्रीही वाहतो, म्हणून तेथे रात्र अद्याप स्वस्त राहू शकते. परंतु जेथे सूर्य हा मोठा वीज उत्पादक बनतो आहे, तेथे स्वस्त वेळ मध्यरात्रीकडून माध्यान्हीकडे सरकते आहे. फ्रान्समध्ये पाण्याच्या टाक्या रात्री तापवण्याची सवय दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. तेथे १ नोव्हेंबर २०२५ पासून स्वस्त तासांचा काही भाग टप्प्याटप्प्याने दुपारी आणण्यास आरंभ झाला.

भारतात हाच बदल अधिक वेगाने येतो आहे. देशाची सौर वीजनिर्मितीची क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लक्ष मेगावॉटच्या पुढे गेली. महाराष्ट्रातील उच्चदाब उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सूट अनेक वर्षे मिळत होती. भट्ट्या चालवणाऱ्यांनी आपल्या पाळ्या तिच्यावर बेतल्या होत्या. २०२५ च्या दरनिश्चितीत सवलतीचा रोख रात्रीकडून दिवसाच्या सौर तासांकडे वळला. कारखान्याने पाळी बदलावयाची म्हणजे कामगारांच्या झोपेपासून कच्च्या मालाच्या ट्रकपर्यंत सर्व काही हलवावयाचे. दर एका आदेशाने बदलतो, पाळी तशी बदलत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र दिवस हीच योग्य वेळ. आठवड्याच्या आलटून-पालटून वेळापत्रकात रात्रीची वीज वाट्याला आली की अंधारात, साप-विंचवांच्या भीतीत पाणी धरावयास जावे लागते, ही ग्रामीण महाराष्ट्राची तक्रार फार जुनी. ग्रिडला रात्र सोयीची होती म्हणून ती त्याच्यावर लादली गेली होती. आता ग्रिडला दिवस सोयीचा झाला, तेव्हा त्याच्या मागणीला वजन आले.

आणि घरगुती ग्राहक? केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दराची तरतूद केली. सौर तासांतील दर सर्वसाधारण दराहून किमान २० टक्के कमी, आणि जास्त मागणीच्या तासांत घरगुती ग्राहकांसाठी किमान १० टक्के जास्त, असे तिचे स्वरूप आहे. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत जाहीर केली. वर सांगितलेले सूत्र येथेही चालते. केंद्राच्या नियमातील किमान प्रमाण धरले, तर सौर तासांतील एक युनिट जेवढे वाचवते तेवढे संध्याकाळची दोन युनिटे घालवतात. म्हणजे ज्या घरात संध्याकाळचा वापर दुपारच्या वापराच्या दुपटीहून जास्त, त्या घराला असा दर महाग पडणार.

आता डोंबिवलीहून सकाळी आठच्या लोकलने निघणारे आणि संध्याकाळी सातला परतणारे कारकून-शिक्षिका दांपत्य डोळ्यांपुढे आणावे. सकाळी ९ ते ५ त्यांच्या घराला कुलूप असते; आत फक्त फ्रिज चालू. समजा, तो या आठ तासांत महिन्याला दहा युनिटे घेतो. ८० पैशांच्या सवलतीने त्यांचे ८ रुपये वाचतील. रविवारी कपडे धुण्याचे आणि इस्त्रीचे काम दुपारी केले तर त्यात आणखी थोडी भर. शेजारच्या बिऱ्हाडात सेवानिवृत्त गृहस्थ दुपारभर पंखा आणि दूरदर्शन संच लावून बसतात, सून त्याच वेळेत मिक्सर आणि धुलाईचे यंत्र चालवते. त्यांचा दुपारचा वापर ६० युनिटे धरला तर ४८ रुपये सुटतात, आणि तेही कोणतीही सवय न बदलता. यात शेजाऱ्याचा काही दोष नाही. परंतु दराचा हेतू जर मागणी दुपारकडे वळवण्याचा असेल, तर ज्याच्याकडे वळवण्याजोगे काही नाही त्याला त्याच्या नोकरीच्या वेळेची किंमत मोजावी लागू नये, याची काळजी आयोगाने प्रत्येक दरबदलाच्या वेळी घेतली पाहिजे. संध्याकाळी पाच ते दहा ही नोकरदार कुटुंबाची चैन नव्हे. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, उन्हाळ्यातला पंखा हे सर्व त्याच वेळेत होते. या तासांवर घरगुती अधिभार लावावयाचा झाल्यास महिन्याच्या पहिल्या काही युनिटांना तरी तो लागू नये.

तोवर ग्राहकाला करता येण्याजोगी गोष्ट एकच. स्मार्ट मीटर आले असेल तर बिलावर वेळेनुसार वापराचे वेगवेगळे आकडे आले आहेत काय, हे पाहावे. नसतील तर ते लेखी मागावे. तीन महिन्यांचे आकडे वहीत उतरवले की दुपारचा वाटा कळतो, आणि पुढचे दरपत्रक येईल तेव्हा वजाबाकी आणि भागाकार करण्यास पाच मिनिटे पुरतात.